जाहीर इशारा : 15 ऑगस्टच्या आत वह्या उघडा

पलूस नगरपरिषदेचे नगराध्यक्ष, सर्व नगरसेवक व मुख्याधिकारी, तालुक्यातल्या प्रत्येक गावचे सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पाटी बदलली आहे), महसूल आणि पोलीस खात्याचे तालुक्यातले अधिकारी, आणि या सगळ्यांच्या गाडीच्या पुढे-मागे फिरणारे दादा, भाई, युवा नेते यांना कळविण्यात येतं की, खाली मागितलेल्या गोष्टी येत्या 15 ऑगस्टपर्यंत झाल्या पाहिजेत. झाल्या नाहीत तर 16 तारखेपासून आम्ही, म्हणजे घरपट्टी-पाणीपट्टी भरणारे या तालुक्यातले मतदार, काय करणार तेही खाली लिहिलं आहे. नंतर कोणी ‘आम्हाला कळवलं नव्हतं’ म्हणू नये.

आधी आम्हाला कशाची भीती वाटते ते ऐका. 9 डिसेंबर 2024 रोजी बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना गाडीतून उचलून नेलं आणि हालहाल करून मारलं. गावच्या शिवारात पवनचक्की कंपनीचं काम चालू होतं, कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागितली गेली होती, तिथल्या रखवालदाराला मारहाण झाली आणि गावचा सरपंच म्हणून देशमुख मध्ये पडले, असं तपास सांगतो. आरोपींवर मोक्का लागला, राज्याच्या एका मंत्र्याला 4 मार्च 2025 रोजी खुर्ची सोडावी लागली, खटला न्यायालयात आहे आणि दोषी कोण ते न्यायालय ठरवील. आम्हाला त्यातली एकच गोष्ट छळते. सगळी कलमं, सगळे मोर्चे, सगळे मंत्री त्या गावात आले ते माणूस गेल्यावर. त्या आधी टोळी काय करते हे परिसरात कुणाला माहीत नव्हतं, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगेल का?

‘ते बीड आहे, आपल्याकडे तसलं नाही’ हे वाक्य आता तोंडातून काढू नका. 17 मार्च 2023 ला आपल्याच सांगली जिल्ह्यात, जतमध्ये, विजय ताड या माजी नगरसेवकाला भरदिवसा गोळ्या घालून मारलं आणि आरोपींत नाव आलं ते दुसऱ्या माजी नगरसेवकाचं. मार्च 2024 मध्ये मुंबईच्या पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत एमडी या अमली पदार्थाचा कारखाना पकडला. 122 किलो माल, किंमत 245 कोटींच्या घरात. जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळच्या कार्वे एमआयडीसीतून सुमारे 30 कोटींचं एमडी सापडलं. कार्वे पलूसहून किती लांब? दुचाकीवर गाठता येईल एवढं.

आणि हा माल आकाशातून पडला नाही. शेड लागली, वीज लागली, पाणी लागलं, रात्रीची वाहतूक लागली. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये मालकाच्या नावाशेजारी भोगवटादाराचा रकाना असतो. आमच्या गावांतल्या किती उताऱ्यांवर तो रकाना खरा भरलेला आहे? शेड एकाची, भाडेकरू दुसरा, धंदा तिसऱ्याचा आणि पट्टी भरायला येणारा चौथाच, असं असेल तर ती ग्रामपंचायत डोळे मिटून बसली आहे. पलूसला स्वतःची औद्योगिक वसाहत आहे, शेजारी किर्लोस्करवाडी 1910 पासून धडधडते आहे. या भागाला कारखाने नवे नाहीत, कारखान्याच्या नावाखाली चालणारं दुसरं काही मात्र नवं आहे. म्हणून पहिली मागणी: तालुक्यातली प्रत्येक भाड्याची शेड, गोदाम, बंद पडलेलं पोल्ट्री फार्म आणि शीतगृह यांचा भोगवटादार कोण, याची यादी 15 ऑगस्टच्या आत फलकावर लागली पाहिजे.

टोळी जन्माला कशी येते, हे चौकात उभं राहिलं तरी कळतं. पहिल्यांदा फ्लेक्स लागतो. गॉगल, गळ्यात साखळी, ‘भाईंना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा’, खाली शुभेच्छुकांचे पस्तीस फोटो. वरच्या कोपऱ्यात नीट बघा: दोन नेत्यांचे आणि एखाद्या नगरसेवकाचा किंवा सदस्याचा फोटो. त्या रात्री तलवारीने केक कापतात, त्याचा व्हिडिओ फिरतो, शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, चार दिवसांनी भाई जामिनावर सुटून आला की पुन्हा फ्लेक्स. या फ्लेक्सला परवानगी कुणी दिली, शुल्क किती भरलं, पावती कुठं आहे? परवानगी नसेल तर विद्रूपीकरणाचा 1995 चा कायदा आहे आणि उच्च न्यायालयाने बेकायदा होर्डिंगवरून पालिकांना वारंवार झापलेलं आहे. तुम्ही चौकातला फ्लेक्स उतरवू शकत नसाल, तर वाळूचा डंपर अडवणार कसे? जो सदस्य आपला फोटो अशा फ्लेक्सवर विनापरवाना छापला गेला असं म्हणतो, त्याने पोलिसांत तक्रार द्यावी. तक्रार नाही दिली तर फोटो त्याच्या मर्जीने आहे, असं आम्ही धरून चालणार.

डंपरचं निघालंच आहे तर. कृष्णा आपल्या दुधोंडी, बुर्ली, आमणापूर, अंकलखोप, भिलवडी या गावांना लागून जाते, ब्रह्मनाळला येरळा तिला मिळते. वाळूचं धोरण सरकारने इतक्यांदा फिरवलं की खुद्द तलाठ्यालाही चालू वर्षाचं धोरण विचारावं लागावं. 2023 ला डेपोतून 600 रुपये ब्रासने वाळू मिळणार म्हणून गाजावाजा झाला आणि 2025 ला पुन्हा नवं धोरण आलं. पण धोरण कुठलंही असो, रात्री दोनला नंबरप्लेटवर चिखल फासून जाणारा डंपर हा सगळ्या धोरणांत बेकायदाच आहे. एमपीडीए कायद्यात आता वाळू तस्कराचं नाव स्वतंत्रपणे आहे, वर्षभर स्थानबद्ध करता येतं. जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली पाचपटीपर्यंत दंड आणि गाडी जप्त. मग दंडाची नोटीस निघते आणि वसुली का होत नाही? तहसील कार्यालयाने गेल्या तीन वर्षांतल्या नोटिसा आणि प्रत्यक्ष वसुली, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून बाहेर लावावेत. आम्हाला भाषण नको, ते दोन रकाने पाहिजेत.

आता आम्हाला सर्वांत जास्त राग ज्याचा आहे तिकडे येतो: ठरावाची वही.

तालुक्यातल्या एका गावची ग्रामसभा अशी चालते. गावाचं नाव घेत नाही, वाचणाऱ्या बऱ्याच जणांना आपलंच वाटेल. सकाळी दहाची वेळ. दवंडी नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर आदल्या रात्री अकराला एक ओळ. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातली कमी असेल ती संख्या लागते. ती कधीच नसते. सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे गावात फक्त तिघा-चौघांना माहीत आहे आणि तेच तिघे-चौघे अर्ध्या तासाने परत जमतात. इतिवृत्ताच्या वहीत पानाच्या तळाशी सह्या आणि वर चार बोटं कोरी जागा. ती जागा पुढच्या आठवड्यात, बिल काढायच्या दिवशी भरते. गटाराचं काम, पाइपलाइनचं काम, पेव्हिंग ब्लॉक. ई-निविदेची मर्यादा ओलांडू नये म्हणून एका रस्त्याचे तीन तुकडे. तिन्ही तुकडे एकाच घरात: एक मेहुण्याच्या नावावर, एक साडूच्या, एक भाईच्या पोराच्या नव्या फर्मच्या. दुसऱ्या कुणी निविदा भरायची म्हटली तर रात्री फोन येतो, ‘पाहुणं, हे काम आपलं आहे.’

हा फोन म्हणजे संघटित गुन्हेगारी. पिस्तूल फार पुढची गोष्ट आहे. बहुतेक वेळा त्याची गरजही पडत नाही.

आणि कायदा इथं मुका नाही. पंचायतीच्या कामात स्वतः किंवा भागीदाराकरवी हितसंबंध असला तर ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14 प्रमाणे सदस्य अपात्र ठरतो. सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तरी अपात्र. आणि 2018 मध्ये जनाबाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की अतिक्रमण सासऱ्याने केलंय, नवऱ्याने केलंय असं म्हणून त्याच घरात राहणाऱ्या सदस्याला हात वर करता येणार नाहीत. नगरसेवकांना 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात याहून सौम्य वागणूक नाही. कलमं आहेत, अर्ज करणारा नाही, कारण अर्जावर नाव लिहावं लागतं. तळेगावच्या सतीश शेट्टी यांनी जमिनींची माहिती मागितली होती. 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला गेलेला माणूस परत आला नाही. म्हणून या खेपेला अर्ज एकट्या-दुकट्याच्या नावाने जाणार नाहीत. एका विषयावर एकाच दिवशी पन्नास अर्ज जातील. पन्नास जणांना फोन करायला भाईकडे तेवढा रिचार्ज आहे का, बघू.

आता मोक्का. सभांमधून ‘मोक्का लावा, मोक्का लावा’ अशी आरोळी हल्ली कुणीही ठोकतो, म्हणून तो कसा लागतो ते एकदा नीट समजून घ्या. 1999 चा हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा. मागच्या दहा वर्षांत टोळीवर, तीन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत, एकापेक्षा अधिक दोषारोपपत्रं दाखल झालेली आणि न्यायालयाने दखल घेतलेली असावी लागतात. उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी, खटल्याला अपर महासंचालकांची मंजुरी. लागला की जामीन अवघड, दोषारोपपत्राला 180 दिवस, शिक्षा किमान पाच वर्षं, मालमत्ता जप्त. 2025 मध्ये अमली पदार्थांचे गुन्हेही त्यात आणले. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं संघटित गुन्हेगारीचं कलम 111 देशभर लागू आहे, त्यालाही एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं लागतातच. खंडणी, जमीन बळकावणं, आर्थिक फसवणूक, सगळं त्यात बसतं. द्राक्षाच्या हंगामात दोन वर्षं रोखीनं पैसे मोजून तिसऱ्या वर्षी कंटेनर भरून मोबाईल बंद करणाऱ्या दलालांची टोळीसुद्धा.

याचा हिशोब सरळ आहे. पहिली फिर्याद दाखलच झाली नाही, तर दहा वर्षांनीसुद्धा मोक्का लागत नाही. आणि आमच्याकडे पहिली फिर्याद दाखल होत नाही, ती मिटवली जाते. आर. आर. आबांनी 15 ऑगस्ट 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली ती बांधाचे, भावकीचे, सांडपाण्याचे तंटे गावात मिटावेत म्हणून. आबा अंजनीचे, आपल्याच जिल्ह्यातले, गृहमंत्री होते. खंडणी देवळात बसून मिटवा असं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. पण आज ठेकेदाराला मारहाण झाली, दुकानदाराकडे हप्ता मागितला, सावकाराने कोऱ्या स्टॅम्पवर सही घेऊन ट्रॅक्टर ओढून नेला, तरी चार प्रतिष्ठित मध्ये पडतात, ‘पोरगं आपलंच आहे, केस नको, करिअर बरबाद होईल’ म्हणतात. करिअर होतंच त्याचं, दुसऱ्या वाटेनं. प्रतिष्ठितांनो, तुम्ही मिटवलेली प्रत्येक खंडणी ही टोळीच्या नावावर न चढलेलं एक दोषारोपपत्र आहे. 15 ऑगस्टनंतर खंडणी, मारहाण, सावकारी यांत तडजोड घडवून आणणाऱ्याचं नावसुद्धा आम्ही तक्रारीत लिहिणार, मग तो कितीही मोठा पाहुणा असो. सावकारीचं म्हणाल तर 2014 च्या कायद्याने परवान्याशिवाय व्याजाचा धंदा गुन्हा आहे आणि पंधरा वर्षांत लिहून घेतलेली जमीनही निबंधक चौकशी करून परत देऊ शकतो. कलम 18. ज्यांची गेली आहे त्यांनी ते वाचावं.

पोलिसांनाही दोन शब्द, आणि हे गोड नाहीत. मोक्का कायद्याचं कलम 24 तुमच्यासाठी आहे. लोकसेवकाने टोळीला मदत केली, किंवा या कायद्याप्रमाणे करायची कारवाई टाळली, तर तीन वर्षांपर्यंत कैद. राज्यात हे कलम किती जणांवर लागलं हा प्रश्न विचारायला गेलं की साहेब लोक चहा मागवतात. तडीपारीचंही तेच: टोळीसाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम 55, एकट्यासाठी 56, मुदत दोन वर्षांपर्यंत, आणि शेजारचा जिल्हाही आदेशात घालता येतो. तो घातला नाही की इथला तडीपार कराडात खोली घेऊन राहतो आणि रविवारी मटण खायला घरी येतो. ठाण्याच्या फलकावर तडीपारांची नावं, फोटो आणि मुदत लावा.

पण दुसरी बाजूही बजावून ठेवतो. कठोर कायदा हातात आला म्हणून कोठडीत काहीही करायची मुभा मिळत नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात अनिकेत कोथळे या तरुणाचा मारहाणीत जीव गेला आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला गेला. आरोपी पोलीसच होते. सांगली ते विसरलेली नाही. आम्हाला भाई नको, आणि वर्दीतला भाईही नको. एखाद्याला राजकारणात अडवायचं म्हणून त्याच्यावर मोक्क्याचा प्रस्ताव पाठवलात, तर ज्या पन्नास सह्या टोळीविरुद्ध होतील त्याच तुमच्याविरुद्ध होतील.

पलूस शहराची तऱ्हा आणखी वेगळी. 2016 ला गावाची नगरपरिषद झाली, आम्ही फटाके वाजवले, आणि त्या आवाजात ग्रामसभा गेली हे लक्षातच आलं नाही. कशी का असेना, मोडकी, तहकूब होणारी, पण उभं राहून ‘हे बिल कसलं?’ विचारायची ती एक जागा होती. शहरात मतदाराला सभागृहात बोलायचा अधिकार नाही. क्षेत्रसभेची, म्हणजे शहरातल्या ग्रामसभेची, तरतूद राज्यात 2009 ला आली आणि बहुतेक ठिकाणी कागदावर निजली. पुढं पहिल्या सभागृहाची मुदत संपली आणि डिसेंबर 2025 पर्यंत जवळपास चार वर्षं प्रशासक. जिल्हा परिषद, पंचायत समितीही मार्च 2022 मध्ये तशाच प्रशासकाकडे गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 ला खडसावलं तेव्हा कुठे राज्यभर निवडणुका लागायला सुरुवात झाली. प्रशासकाचंच निघालं आहे तर, इटलीत 1991 पासून कायदा आहे: माफियाचा शिरकाव झालेली नगरपालिका सरकार बरखास्त करतं आणि दीड-दोन वर्षांसाठी आयोग नेमतं. 2012 ला रेज्जो कालाब्रियासारखं मोठं शहरसुद्धा बरखास्त झालं. तिकडे प्रशासक नेमतात तो माफियाला बाहेर काढायला. आपल्याकडे तो आला निवडणुका रखडल्या म्हणून, आणि त्या काळात कामं कुणी घेतली, वाढीव दर कुणाचे मंजूर झाले हे विचारायला सभागृहात माणूसच नव्हता. नव्या नगरसेवकांनी पहिलं काम तेच करायचं आहे. त्या चार वर्षांतली प्रत्येक निविदा, ठेकेदार, रक्कम, आणि स्पर्धेत आणखी कोण होतं, हे प्रभागवार मांडा. तुमचा त्यात दोष नसेल तर तुम्हाला भ्यायचं काय कारण?

हा मुलूख कुंडलचा आहे. 1943 ते 46 या काळात, आसपासचा भाग सातारा जिल्ह्यात आणि कुंडल औंध संस्थानात असताना, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा मोठा आधार कुंडल होतं, जी. डी. बापू लाडांची तुफान सेना इथेच कवायत करायची. इंग्रजांशी लढता-लढता त्या माणसांनी गावातल्या दरोडेखोरांना, गुंडांना आणि सावकारांना वठणीवर आणलं, न्यायदान मंडळं चालवली. पायाला पत्री ठोकायचा जमाना गेला आणि तो परत आणायचा आमचा विचार नाही. तेव्हा सरकार परकं होतं, आज ते आमच्या मतांचं आहे. दरवर्षी हुतात्म्यांच्या स्तंभाला हार घालणारे काही हात वर्षभर कुणाच्या पाठीवर असतात, ते मात्र आम्ही पाहतो आहोत. बहिष्काराचीही धमकी देत नाही, 2016 च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा आहे. आम्ही कायद्यातच राहून त्रास देणार, आणि तो भरपूर देता येतो.

तर 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत तालुक्यातल्या प्रत्येक गावी तीन गोष्टी पाहिजेत: मागच्या इतिवृत्ताचं वाचन, तीन वर्षांच्या बिलांची यादी, आणि सभा संपायच्या आत इतिवृत्त पूर्ण लिहून मगच सह्या. सभेचं चित्रीकरण आम्ही करणार आहोत, मोबाईल हिसकावायला कुणी येऊ नये. पलूस नगरपरिषदेने त्याच तारखेच्या आत प्रत्येक प्रभागात एक खुली सभा घ्यावी. सदस्यांनी आपण आणि आपल्या घरच्यांनी घेतलेल्या, दिलेल्या किंवा मिळवून दिलेल्या कामांचं लेखी निवेदन द्यावं. उमेदवारी अर्जाच्या शपथपत्रात गुन्हे लिहिले होते ना, आता ठेके लिहा. फिर्याद द्यायला येणाऱ्या व्यापाऱ्याला, ठेकेदाराला, बाईमाणसाला साक्षीदार संरक्षणाच्या 2017 च्या राज्य कायद्याची माहिती ठाण्यात लेखी मिळाली पाहिजे.

यातलं जे झालं नसेल त्याची नोंद आम्ही गावनिहाय करणार. 16 ऑगस्टपासून माहिती अधिकाराचे अर्ज, विषयाला पन्नास. अपात्रतेचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पुराव्यासकट. उतारे, मोजणीचे नकाशे, बिलांच्या नकला जमवायला माणसं लागली आहेत. पोलिसांनी फिर्याद घेतली नाही तर अधीक्षकांना टपालाने, तिथंही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे खासगी तक्रार; वकील ठरले आहेत, वर्गणी जमली आहे. आणि ज्या प्रकरणात अधिकाऱ्याने जाणूनबुजून कारवाई टाळली असं कागद सांगतील, तिथं कलम 24 ची मागणी नावानिशी. या सगळ्या अर्जांच्या तीन-तीन प्रती काढल्या आहेत. एक तुमच्या आवक शाखेत, एक जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि तिसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊनच आमचा माणूस टेबलावरून हलेल. साहेब मीटिंगला गेलेत, शिक्का कपाटात आहे, चावी शिपायाकडे आहे, असं सांगू नका. तो तिथेच बसून राहील. डबा घेऊन येणार आहे.